टूरवर वॉकीटॉकी: बॉक्सवरचे किलोमीटर सोडा, आवाज कळतो का ते बघा

ज्यांना पूर्ण वाचायचा कंटाळा आहे त्यांच्यासाठी निकाल आधीच सांगून टाकतो. ग्रुप घेऊन फिरायचं काम असेल, मग ट्रेक असो, राफ्टिंग असो, चार गाड्यांचा ताफा असो नाहीतर मोठ्या रिसॉर्टवर पाहुण्यांची ने-आण असो, वॉकीटॉकी घ्याच, पैसे वसूल होतात. फक्त घेताना वॅट आणि किलोमीटर बघून घेऊ नका. स्पीकर कसा आहे, माइक कसा आहे, बटण हातमोजे घालून दाबता येतं का आणि पाण्यात पडला तर काय होतं, हे बघून घ्या. मी अर्ध्या वॅटचे बिनलायसनचे छोटे सेट, ५ वॅटचे प्रोफेशनल सेट, डिजिटल सेट आणि सिमकार्डवर चालणारे सेट असे सगळे प्रकार कामात वापरलेत आणि गंमत म्हणजे रोज हातात घेतले जातात ते त्यातले सगळ्यात साधे.

"मोबाईल असताना हे खेळणं कशाला" हा प्रश्न हमखास येतो. त्याचं उत्तर नेटवर्क नसतं एवढंच नाहीये, नेटवर्क फुल असलं तरी मी रेडिओच वापरतो. मोबाईलवरून पाच जणांना एक निरोप द्यायचा तर पाच फोन, त्यातला एकजण बिझी, एकाचा फोन बॅगेत, एकाचे हात दोरीवर. मेसेज टाकला तर कोणी वाचला कोणी नाही याचा पत्ता नाही. रेडिओवर बटण दाबलं की एकदाच सगळ्यांच्या कानात जातं. आणि माझ्या मते खरा फायदा याच्याही पुढचा आहे, ज्याच्यासाठी तो निरोप नव्हताच त्यालाही कळतं. वरचा गाइड मागच्याला सांगतो की ग्रुप वीस मिनिटं लेट आहे, ते खाली ड्रायव्हर ऐकतो आणि एसी लावून गाडी चालू करून बसत नाही, जेवणाची तयारी बघणारा ऐकतो आणि गॅस बारीक करतो. कोणी कोणाला फोन केला नाही तरी सगळं काम सरकलं. हे मोबाईलवर होत नाही म्हणजे नाही, कॉन्फरन्स कॉल दिवसभर कोण चालू ठेवणार.

आता किलोमीटरचं बघू कारण सगळ्यात जास्त फसवणूक इथेच होते. बॉक्सवर १० किलोमीटर, ३५ किलोमीटर असं काहीही छापलेलं असतं. खोटं आहे का, तर तांत्रिकदृष्ट्या नाही, एक माणूस डोंगराच्या टोकावर आणि दुसरा खाली मोकळ्या मैदानात उभा असेल तर तेवढं जातंही. हे सेट ज्या फ्रिक्वेन्सीवर चालतात त्या लहरी जवळपास सरळ रेषेत जातात, समोरचा दिसू शकेल अशी मोकळी जागा मध्ये असावी लागते. पूर्ण सपाट समुद्रावर दोन माणसं सेट छातीशी धरून उभी राहिली तर पृथ्वीच्या गोलाईमुळेच साधारण १० किलोमीटरला मर्यादा येते, मग सेट कितीही महाग असो. आणि तोच हिशोब १००० मीटर उंचीवरून केला तर मर्यादा १३० किलोमीटरच्या आसपास निघते. म्हणजे उंची सगळं ठरवते. दाट झाडी, वळणाची दरी, सिमेंटच्या इमारती यात अर्ध्या वॅटचा सेट कधी एक-दोन किलोमीटर चालतो तर कधी पुढच्या वळणालाच गप्प होतो. हे डोक्यात ठेवून प्लॅन केला तर काही अडत नाही. आवाज तुटला की पहिलं काम म्हणजे दहा पावलं वर चढा किंवा कड्याच्या आडोशातून बाहेर या, आणि अँटेना उभी धरा. कमरेला लावलेला सेट शरीराच्या मागे जातो आणि शरीर सिग्नल खातं, तोच सेट खांद्याच्या उंचीला आणला की तुटक आवाज साफ होतो, हे कोणालाही दोन मिनिटात करून दाखवता येतं.

वॅटचंही तसंच. अर्ध्या वॅटवरून ५ वॅटवर गेलं म्हणजे पॉवर १० पट झाली हे खरं, पण मोकळ्या जागेतल्या गणिताने पोच फार तर ३ पटीच्या थोडी वर जाते, १० पट नाही, आणि मध्ये डोंगर आला तर तेवढीही नाही. वर बॅटरी लवकर संपते, सेट जड होतो आणि बहुतेक देशात लायसन लागतं ते वेगळंच. ५ वॅट हवेत तिथे हवेतच, उदाहरणार्थ मोठ्या रिसॉर्टच्या बेसमेंटमध्ये, किंवा रिपीटर बसवलेला असेल तिथे. रिपीटर म्हणजे उंच जागी ठेवलेला सेट जो एका फ्रिक्वेन्सीवर ऐकतो आणि दुसरीवर लगेच तेच जोरात पुन्हा सोडतो, डोंगराच्या दोन बाजूंना कायमचं काम चालत असेल तर त्याला पर्याय नाही. पण तीस जणांच्या ग्रुपचा पुढचा आणि मागचा गाइड यांच्यात अंतर असतं किती? त्याला अर्धा वॅट भरपूर होतो.

सेट कोणत्या फ्रिक्वेन्सी पट्ट्यातला घ्यायचा, व्हीएचएफ की यूएचएफ, यावर लोक तासन् तास भांडतात, मी थोडक्यात सांगतो. मोकळं रान, पाणी, झाडी असेल तर व्हीएचएफ, म्हणजे १३६ ते १७४ मेगाहर्ट्झवाले, थोडे उजवे पडतात कारण पानं यूएचएफ जास्त शोषतात. इमारती, हॉटेल, बोगदे, गाड्यांचा ताफा असेल तर यूएचएफ, म्हणजे ४०० मेगाहर्ट्झच्या वरचे, ते दारं-खिडक्यांतून आत घुसतात आणि अँटेनाही आखूड असते. बिनलायसनचे सेट जवळजवळ सगळे यूएचएफच असतात त्यामुळे साध्या सेटच्या बाबतीत हा निर्णय तुमच्या हातात नसतोच.

आता मुख्य मुद्दा, आवाज. रिव्ह्यूमध्ये लोक रेंज मोजतात आणि आवाजाबद्दल एक ओळ लिहितात, कामात बरोबर उलटं असतं. निरोप पोचला पण कळला नाही तर त्याचा उपयोग शून्य, उलट धोका जास्त, कारण समोरच्याने अर्धंच ऐकून काहीतरी भलतंच करायला घेतलेलं असतं. स्वस्त सेटचा स्पीकर घरात टेबलावर ठेवून ऐकला तर मस्त वाटतो, पण धबधब्याजवळ, बोटीच्या इंजिनाशेजारी किंवा वाऱ्यात फुल व्हॉल्यूमवर तो फाटतो, नुसती खरखर, शब्द कळत नाही. म्हणून घ्यायच्या आधी सेट घेऊन रस्त्यावर उभे राहा, गाड्या जाऊ देत, आणि समोरच्याला आकडे आणि नावं वाचायला सांगा. दुकानातल्या शांततेत "हॅलो हॅलो टेस्टिंग" करून काहीही कळत नाही.

यावर सगळ्यात चांगला उपाय म्हणजे खांद्यावर लावायचा हॅन्डमाइक. सेट बॅगेच्या बाजूच्या कप्प्यात उभा, अँटेना वर, आणि वायरवरचा छोटा स्पीकर-माइक बॅगेच्या पट्ट्याला क्लिप केलेला, कानापासून वीतभर अंतरावर. एका हाताने दाबा, मान वाकवा, बोला. दुसरा हात दोरीला किंवा कोणाच्या दंडाला मोकळा राहतो. हा एक ॲक्सेसरी घेतला की त्याच सेटचा अनुभव पार बदलतो, मी तर म्हणेन पैसे कमी असतील तर सेट एक पायरी खालचा घ्या पण हॅन्डमाइक घ्याच. कानातल्या पारदर्शक नळीचा इअरपीसही चांगला आहे, पण तो हॉटेल, म्युझियम, लग्नाचे मोठे ग्रुप अशा ठिकाणी. ट्रेकवर कानात काही घालून ठेवू नका, मागून दगड सुटला किंवा कोणी हाक मारली तर ऐकू यायला हवं.

व्हॉक्स म्हणून एक सोय असते, बटण न दाबता नुसतं बोललं की सेट आपोआप चालू होतो. ऐकायला भारी वाटतं, टूरवर निव्वळ त्रास. वारा आला की चालू, धाप लागली की चालू, पाहुण्यांशी गप्पा मारल्या की चालू आणि ग्रुपचं अख्खं चॅनल अडकून पडतं, कारण या सेटवर एका वेळी एकच जण बोलू शकतो. तसंच ते बोलणं संपलं की वाजणारं बीप, रॉजर बीप, ते मी ठेवतो, पाण्याच्या आवाजात समोरच्याचं संपलं की नाही ते कळतं, पण म्युझियममध्ये तेच डोक्यात जातं. टाइमआउट टायमर मात्र असलाच पाहिजे, म्हणजे बटण बॅगेत दाबलं गेलं तर मिनिटाभराने सेट स्वतःच गप्प होतो. नाहीतर एका माणसाच्या बॅगेतला खसखस आवाज सगळ्यांनी ऐकत बसायचं आणि कोणाला काही सांगता येत नाही, ही वेळ ग्रुपवाल्यांवर कधी ना कधी आलेली असतेच.

पाणी. आयपी६७ लिहिलेला सेट म्हणजे धूळबंद आणि १ मीटर पाण्यात अर्धा तास टिकेल असा. आयपी५४ म्हणजे फक्त शिंतोड्यांपुरता. राफ्टिंग, कयाक, समुद्र असेल तर ६७ च्या खाली जाऊच नका आणि शक्यतो तरंगणारा घ्या, मोटोरोलाचा टॉकअबाऊट टी९२ एच२ओ तरंगतो आणि पाण्यात पडला की त्याचा टॉर्च आपोआप लागतो, अंधारात हे फीचर सोन्याचं आहे. एक गोष्ट मात्र बॉक्सवर लिहिलेली नसते. वॉटरप्रूफ सेट पाण्यातून काढल्या काढल्या बोललात तर आवाज उशीत तोंड खुपसून बोलल्यासारखा जातो, कारण माइकच्या बारीक भोकात आणि स्पीकरच्या जाळीत पाणी अडकलेलं असतं. सेट तोंड खाली करून दोन-तीनदा जोरात झटका, जाळीवर अंगठा फिरवा, मग बोला. खाऱ्या पाण्यात पडला असेल तर संध्याकाळी गोड्या पाण्याने धुवा, बॅटरीच्या पितळी टोकांवर मीठ बसलं की चार्जिंगची वाट लागते. आणि बाजूचं ते रबरी झाकण, जिथे हॅन्डमाइकची पिन जाते, ते नीट दाबलेलं नसेल तर आयपी६७ चा अर्थ काहीच राहत नाही.

आता बोलण्याबद्दल, कारण महागडे सेट घेऊनसुद्धा गोंधळ घालणारे ग्रुप बघितलेत आणि साध्या सेटवर लोण्यासारखं काम करणारेही बघितलेत. बटण दाबलं की सेकंदभर थांबायचं, मग बोलायचं. नाहीतर पहिला शब्द कापला जातो, आणि पहिला शब्द "नका" असेल तर? "नका येऊ देऊ" चं "येऊ देऊ" होतं. म्हणूनच आमच्याकडे नियम आहे की नकार वाक्याच्या सुरुवातीला टाकायचा नाही, "थांबा, तिथेच थांबा" असं सांगायचं, पहिलं "थांबा" कापलं गेलं तरी दुसरं पोचतं. माइक तोंडापासून चार बोटं लांब आणि थोडा बाजूला, म्हणजे प आणि फ चे फुसकारे जात नाहीत. वाऱ्याकडे पाठ. ओरडायचं नाही, ओरडलं की आवाज अजून फाटतो.

चांगलं बोलणं कसं असतं तर हे असं (लीड म्हणजे सगळ्यात पुढचा गाइड, स्वीप म्हणजे सगळ्यात मागचा):

"लीड, स्वीप बोलतोय."

"बोल स्वीप."

"एक काका थांबलेत, गुडघा धरलाय. चालतायत पण हळू. पुढच्या सपाटीवर ग्रुप थांबव. ओव्हर."

"सपाटीवर थांबतो. काकांना घाई करू नकोस. ओव्हर."

झालं. ज्याला बोलवायचं त्याचं नाव आधी, आपलं नंतर, एक परिस्थिती, एक मागणी, आणि समोरच्याने मागणी पुन्हा बोलून दाखवली. "ठीक आहे" किंवा "हो हो" हे उत्तर मी मान्यच करत नाही, काय ठीक आहे ते म्हणून दाखव. वाईट बोलणं म्हणजे "अरे ऐक ना, ते जरा असं झालंय की ते आपले मघाचे काका होते ना टोपीवाले" आणि पुढे पाऊण मिनिट चॅनल बंद. तेवढ्यात खरी इमर्जन्सी असलेला माणूस बटण दाबून बसलाय आणि दोघांचाही आवाज एकमेकांवर आदळून कोणाचंच काही जात नाहीये.

आकड्यांचा एक खास मराठी त्रास आहे. एकोणसाठ आणि एकोणसत्तर, त्रेपन्न आणि त्रेसष्ट, हे खरखरीत सेटवर सेम टू सेम ऐकू येतात. गाडी नंबर, रूम नंबर, माणसांची मोजणी सगळं एकेक आकडा सुटा करून सांगायचं, "पाच नऊ", "सहा नऊ". मोजणी तर दोन्ही बाजूंनी म्हणायची, मागचा म्हणतो "दोन आठ", पुढचा म्हणतो "दोन आठ, बरोबर". नवीन पोरं सुरुवातीला हसतात, पण एकदा एक माणूस कमी-जास्त मोजला गेला की कोणी हसत नाही.

आणि पाहुणे ऐकत असतात हो! सेटच्या उघड्या स्पीकरवर "ती निळ्या जॅकेटवाली बाई परत बसली" असं आलं आणि ती बाई शेजारीच उभी असली की पुढचा दिवसभर वातावरण काय असतं ते विचारू नका. पाहुण्यांबद्दल बोलताना असं बोला की त्यांनी ऐकलं तरी चालेल. कोणाचा आजार, कोणाची गोळी, अमुक रूम आत्ता रिकामी आहे, किल्ली कुठे ठेवली आहे, हे साध्या सेटवर कधीच बोलायचं नाही, कारण तो आवाज त्याच चॅनलवर असलेला कोणीही ऐकू शकतो. इथे कंपन्यांच्या जाहिरातीतला एक घोळ सांगायलाच हवा. प्रायव्हसी कोड म्हणून जे लिहितात, त्यात प्रायव्हसी काहीही नसते. तुमच्या आवाजासोबत एक बारीक टोन जातो आणि तुमचा सेट तोच टोन असलेला आवाज उघडतो, बाकीचा गप्प ठेवतो. म्हणजे दुसऱ्यांचं तुम्हाला ऐकू येत नाही, तुमचं मात्र कोड बंद ठेवलेल्या प्रत्येकाला ऐकू जातं. १६ चॅनल आणि १२१ कोड यांचा गुणाकार १९३६ होतो म्हणून १९३६ चॅनल मिळाले असं कोणी विकत असेल तर चॅनल १६ च आहेत. गर्दीच्या ठिकाणी दोन ग्रुप एकाच चॅनलवर वेगळ्या कोडने बसले तर एकमेकांना ऐकू न येता एकमेकांचे निरोप खात बसतात आणि दोघंही म्हणतात सेट खराब आहे. तरी कोड लावाच, कटकट कमी होते, फक्त बोलण्याआधी मॉनिटर बटण दाबून चॅनल खरंच मोकळं आहे का ऐका.

सफारीवाल्यांना वेगळं सांगायचं तर वाघ-सिंह दिसला की सगळ्या जीपना रेडिओवर बोलावणं ही या यंत्राची सगळ्यात वाईट सवय आहे. पाच मिनिटात गाड्यांची रांग, जनावर वैतागून निघून जातं आणि मागून आलेल्यांना धूळ मिळते. गाडी बंद पडली, कोणाला बरं वाटत नाही, रस्ता बंद आहे यासाठी रेडिओ, दर्शनाच्या जाहिरातीसाठी नको. काही अभयारण्यांत यावर बंधनंही असतात, जायच्या आधी विचारून घ्या.

डिजिटल सेटबद्दल माझं मत जरा उलटं आहे. डीएमआर नावाचं स्टँडर्ड, युरोपातल्या एट्सी संस्थेने २००५ मध्ये काढलेलं, त्यात १२.५ किलोहर्ट्झच्या एकाच चॅनलवर वेळ वाटून दोन वेगळी बोलणी चालतात, आवाज स्वच्छ, खरखर नाही, बॅटरीही जास्त पुरते. मोठ्या हॉटेलला किंवा पार्कला, जिथे हाउसकीपिंग, सिक्युरिटी, फ्रंट ऑफिस असे वेगळे ग्रुप हवेत, एन्क्रिप्शन हवं, तिथे डिजिटलच घ्या, दुसरा विचार नको. पण डोंगरात मला ॲनालॉगच, म्हणजे साधा बिनडिजिटलचा सेटच आवडतो. ॲनालॉगमध्ये माणूस लांब जायला लागला की खरखर हळूहळू वाढते, म्हणजे सेट स्वतःच सांगत असतो की मागचा गाइड हाताबाहेर चाललाय. डिजिटलमध्ये शेवटपर्यंत स्वच्छ, स्वच्छ, स्वच्छ, मग दोन रोबोटी तुकडे आणि एकदम शांतता. ती खरखर माझ्यासाठी माहिती आहे. शिवाय धबधब्यासारखा सतत आवाज मागे असला की डिजिटलचं आवाज दाबून पाठवणारं सॉफ्टवेअर गोंधळतं आणि बोलणं पाण्याखालून आल्यासारखं होतं, काही नव्या सेटमध्ये हे बरंच सुधारलंय हेही खरं.

सिमवर चालणारे सेट, ज्यांना पीओसी म्हणतात, दिसायला वॉकीटॉकी पण आतून मोबाईल. शहरात फिरणाऱ्या बस, एअरपोर्ट पिकअप, एक गाडी या शहरात तर दुसरी त्या, यासाठी झकास, अंतराची मर्यादाच नाही, नकाशावर गाडी कुठे आहे तेही दिसतं. बटण दाबल्यावर आवाज जायला किंचित वेळ लागतो तेवढं सोडलं तर तक्रार नाही. पण नेटवर्क गेलं की हातात नुसतं प्लास्टिक. रानात हे घेऊन जाणाऱ्याला कोणीतरी अडवायला हवं.

म्युझियममध्ये गाइड बोलतो आणि पाहुण्यांच्या कानात ऐकू येतं ते टूर गाइड सिस्टम वेगळं प्रकरण आहे, ते एकतर्फी असतं, पाहुणा परत बोलू शकत नाही. दुकानदार दोन्ही एकच म्हणून गळ्यात मारायला बघतात. स्टाफसाठी दुतर्फी, पाहुण्यांसाठी एकतर्फी, असं सरळ ठेवा.

लायसनचा भाग कंटाळवाणा आहे पण टाळू नका, विशेषतः परदेशात ग्रुप नेणाऱ्यांनी. युरोपात पीएमआर४४६, म्हणजे ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ, अर्धा वॅट, न निघणारी अँटेना, १६ चॅनल, हे लायसनशिवाय चालतं. भारतातही ४४६.० ते ४४६.२ हाच पट्टा कमी पॉवरच्या सेटसाठी बिनलायसनचा आहे. अमेरिकेत वेगळंच, तिथे एफआरएस नावाची सेवा ४६२ आणि ४६७ मेगाहर्ट्झवर, २२ चॅनल, काही चॅनलवर २ वॅटपर्यंत. त्यामुळे अमेरिकेत घेतलेला सेट युरोपात चालू करणं बेकायदेशीर आणि उलटही तसंच, तिथे त्या फ्रिक्वेन्सीवर दुसऱ्या कोणाचं तरी काम चालू असतं. बाओफेंग यूव्ही-५आर सारखे सगळीकडे ट्यून होणारे सेट स्वस्तात मिळतात आणि ग्रुपवाल्यांमध्ये फार लोकप्रिय आहेत, पण ते मुळात लायसन असलेल्या हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाल्या लोकांच्या उपयोगाचे, धंद्यात असेच उचलून वापरायचे नाहीत. समुद्रावर तर मरीन व्हीएचएफच, तिथे चॅनल १६, १५६.८ मेगाहर्ट्झ, हे मदत मागायचं आणि सतत ऐकत राहायचं चॅनल आहे, त्यावर गप्पा मारायच्या नसतात.

हे मरीनचं सांगितलं त्यावरूनच आठवलं, जमिनीवरच्या साध्या सेटवर असं कोणी ऐकत बसलेलं नसतं. खिशात वॉकीटॉकी आहे म्हणजे रेस्क्यू टीम आपल्याशी जोडलेली आहे असं समजणारे लोक भेटतात. नाही हो, तो फक्त तुमच्या ग्रुपपुरता आहे. बाहेरची मदत हवी असेल तर त्यासाठी सॅटेलाइट मेसेंजर वगैरे वेगळी सोय हवी, तीही त्या देशात परवानगी असेल तरच. आणि ग्रुपमध्येही आवाज तुटला तर काय करायचं हे निघायच्या आधी ठरलेलं हवं, अमुक वेळेपर्यंत बोलणं झालं नाही तर पुढच्याने शेवटच्या ठरलेल्या जागी थांबायचं, एवढं साधं. ज्या ग्रुपमध्ये हे ठरलेलं नसतं तिथे सेट बंद पडला की दोन्ही गाइड एकमेकांना शोधायला निघतात आणि पाहुणे मधेच.

बॅटरीचा दावाही बघून घ्या. "१६ तास" लिहिलेलं असतं ते बहुतेक वेळा ५-५-९० च्या हिशोबाने, म्हणजे ५ टक्के वेळ बोलणं, ५ टक्के ऐकणं आणि ९० टक्के नुसता चालू. गाइड त्यापेक्षा कितीतरी जास्त बोलतो. थंडीत लिथियम बॅटरी अजून लवकर मान टाकते, म्हणून बर्फात स्पेअर बॅटरी आतल्या खिशात, अंगाच्या उबेला ठेवायची. विमानात स्पेअर लिथियम बॅटऱ्या चेक-इनच्या बॅगेत चालत नाहीत, हातातल्या बॅगेत घ्याव्या लागतात, टोकांना टेप लावून. ज्या सेटमध्ये साधे एए सेलही बसतात किंवा यूएसबी-सीने चार्ज होतो तो मला इतर दहा फीचरपेक्षा प्यारा.

नापसंतीच्या यादीत एकच मोठी गोष्ट आहे आणि ती जवळपास सगळ्या कंपन्यांच्या साध्या सेटना लागू होते. चॅनलचा गोल खटका बॅगेत घासून फिरतो. की-लॉक बटणं लॉक करतं, खटका नाही! गाइडला वाटतं कोणी बोलत नाहीये, प्रत्यक्षात तो तीनवर आणि बाकी सगळे दोनवर. खटका कडक आहे का, की बटणांनी चॅनल बदलतो, हे हातात घेऊन बघा, आणि सकाळी निघताना प्रत्येकाने एकदा बोलून दाखवायचं, नुसता सेट चालू आहे हे पुरेसं नाही. कमरेची क्लिप हा दुसरा कच्चा दुवा, प्लास्टिकची स्प्रिंग तुटतेच, म्हणून एक बारीक दोरी बांधून ठेवावी.

घ्यायचेच असतील तर सगळे एकाच मॉडेलचे घ्या. वेगवेगळ्या कंपन्यांचे सेट एकमेकांशी बोलतात, पण एकाचा कोड नंबर ५ आणि दुसऱ्याचा कोड नंबर ५ हा एकच टोन असेलच असं नाही, आणि एक सेट वाइड म्हणजे रुंद चॅनलवर, दुसरा नॅरो म्हणजे अरुंद चॅनलवर लावलेला असला की एकाचा आवाज बारीक आणि दुसऱ्याचा फाटलेला येतो. निघायच्या गडबडीत हे कोण जुळवत बसणार. छोट्या ग्रुपला चार सेट, चार हॅन्डमाइक, दोन जास्तीच्या बॅटऱ्या आणि सगळे एकदम बसतील असा एक चार्जर, एवढ्यावर काम सुरू होतं. आणि त्याच मॉडेलची बॅटरी आणि क्लिप सुटी मिळते का ते पैसे द्यायच्या आधी विचारा, मिळत नसेल तर तो सेट कितीही छान वाजत असला तरी घेऊ नका.